ट्रे धरणाऱ्या मॅडम

आमच्या दवाखान्यात एखाद्या पेशंटची शीर सापडेनाशी झाली की डॉक्टर एकच वाक्य बोलायचे, "आडे सिस्टरले बोलवा." मग ती जेवायला बसलेली असो की दुसऱ्या वॉर्डात असो, कोणीतरी पळत जायचंच. हातातला घास डब्यात ठेवून ती यायची. कपाळावर आठी नाही की तोंडात कुरकुर नाही. मी तर बाई एवढ्यावरूनच दवाखाना डोक्यावर घेतला असता.

दिसायला पार्वती आडे म्हणजे काही विशेष नाही. बुटकी, सावळी, नाकात ठसठशीत चमकी, चालणं भरभर. बोटं आखूड, जाडसर. पण त्या बोटांना शीर कुठं लपून बसली आहे ते कळायचं. जुलाबानं सुकून गेलेलं लेकरू असो की हाडावर नुसती कातडी उरलेली म्हातारी, ती आधी मनगट धरायची, दोन शब्द बोलायची आणि मगच पट्टा बांधायची. बंजारा तांड्यावरची बाई असली तर त्यांच्या गोरबोलीत विचारायची, "काई वेगो, याडी?" काय झालं गं आई, एवढंच. पण तेवढ्यानंच म्हातारीचा आवळलेला हात सैल पडायचा आणि सुई गेलेली तिला कळायचंही नाही.

मी त्या वॉर्डाची इन्चार्ज. आमचं घर यवतमाळचं, घरात सगळे कचेरीतले. वडील तहसीलमध्ये, भाऊ जिल्हा परिषदेत, मी एकटीच सुया-सलाईनच्या धंद्यात पडले. तोंड माझं फटकळ. माझ्या हाताखाली टिकणं सोपं नव्हतं, आणि आडे टिकली. मी रागावले की ती मान खाली घालून ऐकून घ्यायची आणि माझं संपलं की म्हणायची, "झालं न ताई? आता चहा घेता काय?" अशा माणसावर किती वेळ चिडणार?

तिचा तांडा दारव्ह्याजवळ. आजा-पणजा बैलांवर मिठाची पोती लादून मुलूखभर हिंडलेले, तिच्या वडिलांपासून घरात शेती. तांड्यातली नर्स झालेली ती पहिलीच. त्यामुळं आमच्या दवाखान्यात तांड्याचं कोणी आलं की आधी तिचं नाव घ्यायचं. तिचा नवरा कापूस-सोयाबीनवाला, हसरा माणूस. कधी तिला घ्यायला आला की दारातूनच हाक मारायचा, "सुटली काय व, सरकारी बाई?" दवाखाना ट्रस्टचा आहे, सरकारी नाही, हे त्याला मी निदान दहा वेळा सांगितलं असेल.

एक दिवस डबा खाताना तिनं मला सांगितलं, "ताई, मले ट्यूटर व्हायचं आहे."

ट्रस्टचंच नर्सिंग स्कूल दवाखान्याला लागून होतं. तिथल्या मुली आमच्या वॉर्डात शिकायला यायच्या. त्यांना शिकवणाऱ्या त्या ट्यूटर. माझ्या हातातली भाकर तशीच राहिली.

"भैताड झाली काय तू?" मी म्हटलं. "एवढा हात देवानं दिला, आणि फळ्यापाशी उभी राहून खडू झिजवणार?"

"माया दोन हातानं किती पेशंट होतीन, ताई? आन् पोरींचे हात मोजा न."

"आणि माझ्या वॉर्डाचं काय?"

"थे तुम्ही पाहा," ती हसून म्हणाली आणि माझ्या डब्यातलं लोणचं उचललं.

मग तिनं मला खरं कारण सांगितलं. तिची आजी एका मोठ्या दवाखान्यात भरती होती, दिवसेंदिवस. कोणी सुई टोचून जाई, कोणी नळी घालून जाई, आणि काय चाललं आहे ते म्हातारीला कोणी सांगेना. "आजी मले म्हणे, पारू, मी काय गाय-बैल हाय? गायीलेही कोणी हाक मारून हात लावते." ते वाक्य आडेच्या मनात बसलं होतं. एक चांगली नर्स झाली तर एका वॉर्डाचं भलं होईल. पण पोरी शिकवून बाहेर काढल्या तर त्या जिथं जातील तिथं आधी माणसाशी बोलतील आणि मग सुई लावतील, असं तिचं गणित होतं. ते मला पटलं. पण पटलं असं म्हणायची माझी पद्धत नाही, म्हणून मी म्हटलं, "लोणचं ठेव खाली."

ट्यूटर व्हायला नर्सिंगची पदवी लागते. तिच्याकडं होता नुसता डिप्लोमा. बिनपगारी रजा टाकून ती यवतमाळला कॉलेजात शिकायला लागली. वर्गात सगळ्या तिच्याहून लहान, धडाधड इंग्रजी बोलणाऱ्या. घरी तिची मुलगी दहावीत आणि ती पदवीत. नवरा सगळ्यांना सांगत फिरे, "आमच्या घरी दोन पोरी शिकून राह्यल्या, मोठीचा अभ्यास जरा कच्चा आहे."

शिकवायचा सराव ती कुठं करायची, तर तांड्यावरून दारव्ह्याला येणाऱ्या जीपमध्ये. मी एका बाजाराच्या दिवशी तिच्यासोबत होते म्हणून हे डोळ्यांनी पाहिलं, नाहीतर फोकनाड वाटलं असतं. जीपमध्ये माणसं, टोपल्या, दोन कोंबड्या, आणि आडे मधल्या सीटवर बसून साप चावल्यावर काय करायचं त्याचा धडा घेऊन राह्यलेली. "पाय घट्ट बांधायचा नाई. चिरा द्यायचा नाई. हलवायचं नाई. सरळ दवाखान्यात आणायचं." मागून एक म्हातारा म्हणाला, "मंग मांत्रिकाले काय सांगू?" ती म्हणाली, "त्यालेही जीपमध्ये बसवा, बाबाजी, सोबतीले होते." सगळी जीप हसली. मग तिनं एकेकाला उठवून विचारायला सुरुवात केली, काय सांगितलं ते सांगा. कोथिंबीरवाल्या बाईनं घडाघडा सांगितलं. म्हातारा अडखळला तर बाकीचेच त्याला सांगू लागले. ड्रायव्हर एवढा रंगला की एका बाईचं गाव मागं राहून गेलं आणि तिनं त्याचा उद्धार केला. आडेला त्याचं काही नाही. उतरताना मला म्हणते, "वर्ग चांगला होता न, ताई?"

अशी ती पदवीधर झाली. चांगल्या मार्कांनी. आणि त्याच वर्षी आमच्या स्कूलमध्ये ट्यूटरची जागा निघाली.

निवडीसाठी एक धडा घेऊन दाखवायचा होता, तोही वॉर्डात, खऱ्या पेशंटपाशी. प्राचार्य मॅडम समोर बसणार. विषय होता शिरेत सुई लावणं, म्हणजे आडेचाच प्रांत. आम्ही सगळ्यांनी गृहीतच धरलं होतं. वॉर्डातल्या पोरींनी तर पेढे कोणत्या दुकानातून आणायचे त्यावर भांडणं केली.

धड्यासाठी एक विद्यार्थिनी दिली होती, बाभुळगावची प्रणाली. पोरगी हुशार, पण हात थरथर कापणारे. पेशंट एक शांत मजूर. आडेनं सुरुवात झकास केली. पेशंटशी बोलली, प्रणालीला शीर शोधायला लावली, कोन समजावला. प्रणालीनं सुई हातात घेतली, कातडीपाशी नेली आणि थांबली. मी दारातून पाहत होते. पुढं काय झालं ते मलाही नीट दिसलं नाही, इतकं ते पटकन झालं. आडेनं पोरीच्या हातातून सुई घेतली, शिरेत लावली, चिकटपट्टी मारली, सलाईन सुरू. पेशंट "स्स" सुद्धा म्हणाला नाही.

बाहेर आली तेव्हा तोंड असं फुललेलं! "पहिल्याच झटक्यात गेली, ताई!" माझा हात धरून म्हणाली. मीही म्हटलं, वा गं माझी वाघीण. आम्हां दोघींनाही काही चुकलं आहे असं वाटलंच नाही. वॉर्डात जन्म काढलेली माणसं आम्ही. समोर काम अडलं की हात आपोआप पुढं जातो, विचार करायची पाळीच येत नाही.

निकाल संध्याकाळच्या आत आला. प्राचार्य मॅडमनी तिला माझ्यासमोरच सांगितलं. बाई कडक, पण बोलणं सरळ. "आडे सिस्टर, तुमच्यासारखी नर्स मी पाहिली नाही. पण धडा झालाच नाही. प्रणालीला काय आलं?"

आडे माझ्याकडं पाहायला लागली.

"तुम्ही सुई तिच्या हातातून घेतलीत. तुम्हाला आठवतं तरी का?"

तिला आठवत नव्हतं. खरंच आठवत नव्हतं, तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. मग हळूहळू आठवलं आणि तिचा चेहरा पडला. जागा त्या वर्षी रिकामीच ठेवली. मॅडम एवढंच म्हणाल्या, "पुढच्या वर्षी परत या. हात घरी ठेवून या."

मी पेटले. चादरींच्या खोलीत आडे रडत बसली होती आणि मी प्राचार्य मॅडमच्या सात पिढ्या काढत होते. "कायले रडतेस? ती कोण मोठी लागून गेली! आयुष्यात कधी लहान लेकराला सलाईन लावली आहे काय तिनं?"

"ताई," ती नाक पुसत म्हणाली, "मॅडम खरं बोलल्या. माया हातानं पोरी शिकल्याच नाईत. नुसत्या पाहून राह्यल्या."

आणि ते होतंही तसंच. इतक्या वर्षांत किती पोरी तिच्याभोवती जमल्या, जादूचा खेळ पाहावा तशी तिची बोटं पाहिली, वा मॅडम म्हणाल्या आणि तितक्याच कोऱ्या परत गेल्या. त्यांना अडलं की ही पुढं. मग त्यांनी शिकायचं कशाला?

दुसऱ्या दिवसापासून तिनं ठरवलं, पोरींच्या कामाला हात लावायचा नाही. म्हणणं सोपं. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत तिनं तीनदा सुई हिसकली. हात मागं बांधून पाहिले, ते सुटून पुढं यायचे. ॲप्रनच्या खिशात घातले, बाहेर यायचे. शेवटी तिनं एक युक्ती काढली. पोरीकडचा ट्रे स्वतः घ्यायचा. कापूस, पट्टा, चिकटपट्टी सगळं त्यात, आणि तो दोन्ही हातांनी धरून पोरीच्या बाजूला उभं राहायचं. हात गुंतलेले असले की पुढं जात नाहीत.

"ट्रे मायाकडं दे. काम तू कर."

पोरी बिचाऱ्या लाजून मरायच्या. सीनियर सिस्टर ट्रे धरून उभी आणि आपण काम करणार! डॉक्टर म्हणाले, "काय आडे सिस्टर, डिमोशन झालं काय?" ती म्हणाली, "नाई सर, प्रमोशनची तयारी आहे." एका पेशंटच्या सासऱ्याला ती आया वाटली. "ए बाई, जरा पाण्याची बाटली भरून आण." हिनं ट्रे ठेवला, बाटली भरून आणली, परत ट्रे घेतला. मी त्या माणसाला झापणार होते, तिनं डोळ्यांनीच थांबवलं.

तिला काय वाटत असेल ते मला कळायचं, कारण मी जवळून पाहायचे. पोरगी चुकीच्या कोनात सुई न्यायला लागली की आडेची बोटं ट्रेच्या काठावर पांढरी पडायची. खालचा ओठ दातांखाली. "थांब. परत पाहा. बोटानं चाचप," एवढंच बोलायची, आणि तेही हळू. वॉर्डाचं काम रेंगाळायचं. औषधं उशिरा, ड्रेसिंग उशिरा. मी ओरडायचे, "अव माय, ओवाळायला आल्यासारखी ताट धरून उभी काय राह्यली! लाव न तूच, सुटेल एकदाचं!" ती म्हणायची, "ताई, थोडं सोसा. मीबी सोसून राह्यली."

एक नियम मात्र तिचा पक्का होता. आधी स्कूलमधल्या प्लास्टिकच्या हातावर सराव, तो जमल्याशिवाय पेशंटपाशी यायचं नाही. आणि पेशंटच्या अंगावर विद्यार्थिनीला दोनदाच टोचायची परवानगी. दुसऱ्यांदा चुकलं की ट्रे पोरीकडं आणि सुई आडेकडं. "पेशंट म्हंजे पाटी नाई, पुसून परत लिहायले," असं ती प्रत्येक नव्या बॅचला सांगायची. पोरी तेवढ्यानंच शहाण्या व्हायच्या, दोन संधी उगाच वाया घालवायच्या नाहीत.

वर्षभरात आमच्या वॉर्डाचा रंग बदलला. "आडे सिस्टरले बोलवा" हे वाक्य कमी ऐकू यायला लागलं. त्याऐवजी "प्रणालीले बोलवा", "ती ठेंगणी मुलगी कुठं आहे, तिला बोलवा". एकदा डॉक्टरांना एका सुकलेल्या लेकराला सुई लावून हवी होती, आणि प्रणालीनं ती एका प्रयत्नात लावली. आडे ट्रे धरून उभी. तिच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी पाहिलं आणि मला स्वतःलाच काहीतरी व्हायला लागलं, म्हणून मी चादरी का बदलल्या नाहीत म्हणून वॉर्डातल्या मावशीवर ओरडले.

दुसऱ्या वर्षी तिनं परत धडा घेतला. समोर त्याच प्राचार्य मॅडम. पोरगी नवीन, टोचायच्या आधी दोनदा अडली. आडेनं ट्रे सोडला नाही. मॅडम उठल्या आणि म्हणाल्या, "सोमवारपासून या." आमच्या पोरींनी एवढा कल्ला केला की पेशंट उठून बसले.

तिच्या पहिल्या वर्गाच्या दिवशी तिची आई आली होती. अंगात फेटिया-कांचळी, म्हणजे त्यांची घागरा-चोळी, हातभर बलोया बांगड्या, डोक्यावर आरशांची ओढणी. आडेनं तिला मागच्या बाकावर बसवलं, मीही तिच्या बाजूला बसले. आडे आत आली, पोरी उभ्या राहिल्या, "गुड मॉर्निंग मॅडम." आणि म्हातारीही उभी राहिली. आडे गोंधळली. "याडी, तू बस न."

"सगळ्या उभ्या हायत तं मी कशी बसू?" म्हातारी म्हणाली. "मास्तरीण आली न."

ती बसेना. आडेनं "सिट डाऊन" म्हटल्यावर सगळ्या पोरींसोबतच बसली. त्या दिवशी आडेनं काय शिकवलं ते मला काही आठवत नाही. मी म्हातारीकडंच पाहत होते.

त्यानंतर मी निवृत्त झाले. आडेची भेट कमी झाली, कधी बाजारात, कधी फोनवर. तिला पुढं पदव्युत्तर करायचं होतं. मोठ्या कॉलेजात शिकवायचं होतं. "नर्सले शिकवणाऱ्यांनाही कोणीतरी शिकवायले पाह्यजे न, ताई," असं ती म्हणायची. ऐकून मला वाटायचं, ही बाई कुठं थांबणार आहे की नाही.

मागच्या पावसाळ्याच्या शेवटी मला डेंग्यू झाला. भरती कुठं व्हायचं, तर आपल्याच दवाखान्यात. इन्चार्जच्या खुर्चीतून पलंगावर यायला मला काही आवडलं नव्हतं, त्यात अंग असं ठणकत होतं की बोलायची सोय नाही. शिरा तर आधीच माझ्या बारीक. सकाळी सलाईन लावायला एक विद्यार्थिनी आली. सीमा नाव, केळापूरकडची, चष्मेवाली, सडपातळ. तिच्यामागं ट्रे धरून आडे मॅडम.

मला हायसं वाटलं. मी म्हटलं, "आली काय! बरं झालं. लाव बाप्पा पटकन, जीव जाऊन राह्यला."

"सीमा लावते, ताई."

"आडे, माझ्याशी गंमत नको. माझी शीर तुला माहीत आहे."

"मले माहीत आहे. सीमाले माहीत व्हायची आहे."

मी काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. तिनं सगळं ऐकून घेतलं, पूर्वीसारखंच. सीमानं माझं मनगट धरलं, नाव विचारलं, काय करणार ते सांगितलं, पट्टा बांधला, टोचलं. चुकलं. मी विव्हळले. पोरीचं तोंड पांढरंफटक. कपाळावरून घाम ओघळून चष्म्याच्या काचेवर आला, चष्मा घसरून नाकाच्या शेंड्यावर. हातात ग्लोव्ह्ज, पुसणार कशानं? तिला काही दिसेना आणि रडू आवरेना. आता एकच संधी उरलेली, आणि पेशंट कोण, तर दवाखानाभर जिच्या तोंडाची दहशत ती जुनी इन्चार्ज. तिनं आडेकडं पाहिलं. मीही पाहिलं. आम्ही दोघीही एकच मागत होतो.

आडेनं ट्रे स्टुलावर ठेवला. मी मनात म्हटलं, सुटले.

तिनं खिशातला रुमाल काढला. पोरीचा चष्मा उतरवला, काचा पुसल्या. मग कपाळ पुसलं, डोळे पुसले, गाल पुसले, अगदी सावकाश, घाई अजिबात नाही. चष्मा परत नाकावर नीट बसवला. परत ट्रे उचलला.

"आता दिसते?"

"हो मॅडम."

"मंग पाहा. ताईंच्या शिरा बोटाले सापडतात, डोळ्याले नाई."

सीमानं डोळे मिटले. माझ्या हातावरून तिचं बोट फिरलं, थांबलं, मागं आलं, परत थांबलं. मी श्वास धरून पडलेली. सुई आत गेली आणि नळीत रक्ताचा लाल थेंब चढला. "आली, मॅडम!" पोरगी एवढ्या जोरात ओरडली की वॉर्ड दचकला. आडे त्या थेंबाकडं पाहतच नव्हती. ती सीमाच्या चेहऱ्याकडं पाहत होती. त्या वेळी मला तिचा जो अभिमान वाटला, तो माझ्या भावाच्या बढतीचा वाटला नव्हता, माझ्या स्वतःच्या बढतीचाही वाटला नव्हता.

सीमानं चिकटपट्टी लावली, सलाईनचे थेंब जमवले, आणि दोघी पुढच्या पलंगाकडं गेल्या. पोरगी पुढं, आडे मागं.

बाजूच्या पलंगावरची बाई सगळं पाहत होती. त्या लांब गेल्यावर ती माझ्याकडं वाकून हळूच म्हणाली, "पाह्यलं काय माय? सगळं त्या पोट्टीनंच केलं. मोठ्या मॅडमनं तं काहीच केलं नाई."

मी इतकी हसले की सलाईनची नळी हलायला लागली.

"हो न बाई," मी म्हटलं. "लय मेहनतीनं शिकल्या मॅडम ते काहीच न करणं."